पर्सनल कॉम्प्युटर आपल्याकडं पर्सनल होता कधी?

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. मल्टिसर्व्हिसेसचं दुकान चालवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला जरूर पाठवा.

कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. पावसाळ्यात धबधबा बघायला बीडकडच्या गाड्या येतात. एरवी गाव शांत. आता इथल्या माणसाला सातबारा काढायचाय, पीक विमा भरायचाय, पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय, तर तो जाणार कुठं? मांजरसुंब्याला, नाहीतर सरळ बीडला. अशा दुकानात एक कॉम्प्युटर असतो, एक प्रिंटर, अंगठ्याचं एक मशीन आणि दारात रांग. रांगेतल्या प्रत्येकाचं आधार, पॅन, पासबुक त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात जातं.

‘आपला कॉम्प्युटर सुरक्षित कसा ठेवाल’ छापाचे लेख मराठीत पुष्कळ आहेत. चांगला अँटिव्हायरस घ्या, पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला खोटा नाही. पण त्यात एक मालक, एक टेबल, एक कॉम्प्युटर असं चित्र गृहीत धरलेलं असतं. आपल्या भागात हे यंत्र आलं तेव्हापासून ते सगळ्या गावाचं आहे. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो, मग कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं त्याकडं येतो.

आयबीएमच्या पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ चा. नाव ‘ब्रेन’. लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला. त्यांनी त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा टाकला होता! त्यांचं म्हणणं असं की आमच्या सॉफ्टवेअरच्या चोरून कॉपी होत होत्या, त्या पकडायला हे केलं. म्हणजे पायरसी आणि व्हायरस ही जोडगोळी पहिल्या दिवसापासूनची आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं सारखं लागणार आहे.

दुसरी भावांची जोडी आपल्याकडची. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. १९९० च्या सुमारास स्वतःचं दुकान टाकलं, १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच जास्त सापडायचे. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्यावर औषध लिहिलं. तेच क्विक हील. २००७ मध्ये कंपनीनं हेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली. मराठी उद्योजकाची यशोगाथा म्हणून ही गोष्ट आपण सांगतोच. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. हे उत्पादन दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते पोचलंही दुरुस्तीवाल्यांच्याच हातून. आपण बाजार हिंडून, तुलना करून अँटिव्हायरस कधी निवडलाच नाही. फॉरमॅट मारायला आलेला पोरगा जो टाकून गेला, तो आपला अँटिव्हायरस.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, मागोमाग एमएस-सीआयटी आलं. सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं आणि तालुक्या-तालुक्यात क्लास उभे राहिले. एका संपूर्ण पिढीचा कीबोर्डला पहिला हात तिथं लागला, हे या कोर्सचं मोठं काम. पण वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांपुढं सुरक्षेला जागा किती मिळणार? त्यात एका मशीनवर सकाळपासून रात्रीपर्यंत बॅचवर बॅच. लॉगिन सगळ्यांना एकच.

आणि वीज! त्या काळात ग्रामीण भागात बारा-बारा तासांचं भारनियमन असायचं. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवणारा माणूस अपडेट उतरत बसेल का? नेट म्हणजे डायल-अप, नंतर मोजून-मापून एमबी. अपडेट बंद ठेवणं हा आळस नव्हता, काटकसर होती. ही काटकसर हळूहळू सवय झाली. वीज आली, जिओ आलं, फायबर आलं, तरी अपडेट आपलं बंदच.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं, आणि त्यावर बोलायला आपण लाजतो. विंडोज चोरीची होती. कॉम्प्युटर असेम्बल करून घेतला की त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल, पेजमेकर ‘टाकून’ मिळायचं. लग्नपत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओवाले सगळे त्यावरच उभे राहिले. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीच्या चोरीच्या प्रतींवर पडदा काळा करायला सुरुवात केली. डेस्कटॉपवरचा देवाचा फोटो जाऊन तासातासाला काळं व्हायचं. नुकसान काहीच नाही, पण गिऱ्हाइकापुढं शोभा. दुरुस्तीवाल्यानं उपाय एकच सांगितला, ऑटोमॅटिक अपडेट बंद करा. खरं तर महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या चोरीच्या प्रतींनाही मिळत होत्या. भीती काळ्या पडद्याची, आणि तिच्यापायी दारच बंद केलं. २००९ मध्ये त्याच कंपनीनं सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचा फुकट अँटिव्हायरस आणला. तोही अस्सल विंडोज असेल तरच चालायचा. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, ते बाहेरच राहिले.

पेन ड्राइव्हचे दिवस आठवतात का? फोल्डरसारखा दिसणारा ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’. उघडला की झालं. नंतर शॉर्टकट व्हायरस आला, सगळे फोटो गायब आणि फक्त बाण दाखवणाऱ्या फायली. स्टुडिओतून लग्नाचा अल्बम आणायचा, झेरॉक्सच्या दुकानात पत्रिका टाकायची, शाळेत निकालपत्रक द्यायचं, सगळं एकाच पेन ड्राइव्हवर. सुई एक आणि अख्ख्या गावाला टोचलेली, असा तो प्रकार. पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर आतला प्रोग्रॅम आपोआप चालायची सोय होती, तिचा हे व्हायरस फायदा उचलायचे. ती सोय बंद करणारी दुरुस्ती फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेटमधून आली. ज्यांचं अपडेट बंद, त्यांच्याकडं ती पोचलीच नाही. बघा, परत तेच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेचे नियम काढले. वाचण्यासारखे आहेत. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र घ्या, रजिस्टरमध्ये नोंद करा, ते वर्षभर सांभाळा, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. दहशतवादी ईमेलचा तो काळ होता, त्यामुळं ही काळजी समजण्यासारखी आहे. पण नियमांचा रोख बघा. खुर्चीवर कोण बसलं हे सरकारला हवं होतं. उठून गेल्यावर त्याचं काय काय मशीनमध्ये राहिलं, ही काळजी त्या नियमांच्या केंद्रस्थानी नव्हती. पुढं कॅफे बंद पडले, त्यांच्या जागी सेवा केंद्रं आली. आता खुर्चीवर गिऱ्हाईक बसतच नाही. ते काउंटरच्या अलीकडं उभं असतं आणि आपल्या कागदांचं पलीकडं काय होतंय ते त्याला दिसतही नाही. पार्टिशनची उंची मोजून आता काय करायचं?

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला. जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद, उघडायला तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये. आंध्र पोलिसांचे काही कॉम्प्युटर अडकले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने औषध कपाटात होतं! एक्सपीची मुदत तर ८ एप्रिल २०१४ लाच संपलेली. तरी परिस्थिती एवढी बिघडली की कंपनीला संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडं डीटीपीच्या दुकानांत एक्सपी तेव्हाही जोरात होती, कारण जुना पेजमेकर आणि जुने मराठी फाँट तिच्यावरच नीट चालायचे. लिपीच्या घोटाळ्यापायी सुरक्षा गेली, हे आपलं खास मराठी प्रकरण. त्यावर कुणी सविस्तर लिहायला हवं.

दीड महिन्यानं, २७ जूनला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला, मर्स्क कंपनी आडवी झाली आणि आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीमधल्या तिच्या टर्मिनलचं काम थांबलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले. त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढले. कोल्हापुरातल्या एटीएमवरही माणसं उभी होती. ही मोठी प्रकरणं पेपरात येतात, म्हणून पटकन आटोपतो.

पेपरात न येणारं सांगतो. २०१८ पासून ‘स्टॉप’ नावाची खंडणीखोर सॉफ्टवेअरची टोळधाड घरगुती कॉम्प्युटरवर आहे. ती येते क्रॅकमधून, म्हणजे विंडोज किंवा फोटोशॉप फुकट चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून. चिठ्ठी ठरलेली असते. ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत आलात तर ४९०. आठवडी बाजारातल्यासारखा डिस्काउंट! हे क्रॅक वापरताना पहिली सूचनाच अशी असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. आणि आपण करतो. चोराला आत यायला कुत्रं बांधून ठेवायचं, त्यातला प्रकार.

आता या इतिहासातला आजचा तुकडा. २०११ च्या सुमारास ‘संग्राम’मधून ग्रामपंचायतींत कॉम्प्युटर आणि ऑपरेटर आले. पुढं त्याचं आपले सरकार सेवा केंद्र झालं. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले, याबद्दल दुमत नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण. त्या दिवसांत केंद्रावरची झुंबड आठवा. एकेका अर्जाला आधार, पासबुक, फोटो, सातबारा, मोबाइल नंबर. सगळं स्कॅन होऊन ‘डाउनलोड्स’ नाहीतर ‘न्यू फोल्डर’मध्ये. अर्ज गेला, पावती मिळाली, माणूस घरी गेला. फाइल मात्र राहिली.

ती फाइल म्हणजे काय हे नीट समजून घ्या. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो कसा बनतो ते जगजाहीर आहे. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलचं नावच माणसाच्या नावानं ठेवलेलं, शेजारी शाळेचा दाखला. मग कुलूप कसलं राहिलं? २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं अगदी नेमका इशारा दिला होता. सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, आणि झेरॉक्स देताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. लोक घाबरतील, गैरसमज होईल, असं म्हणत दोन-तीन दिवसांत तो मागं घेतला गेला. माझ्या मते आधारच्या संदर्भात सामान्य माणसाला दिलेला तो सगळ्यात कामाचा सल्ला होता.

बोगस पीक विम्यात आपल्या बीडचं नाव राज्यभर गाजलं. त्या भानगडीला बरेच धागे आहेत आणि सगळं खापर केंद्रांवर फोडणं बरोबर नाही. पण दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या कागदांवर अर्ज भरायचा तर कागद हाताशी लागतात. ते कुठं पडलेले असतात, एवढंच विचारतो. विम्याच्या एका अर्जामागं केंद्रचालकाला ४० रुपये मिळायचे. या ४० रुपयांत वीज, नेट, प्रिंटर, पोराचा पगार बसवायचा. त्यात अस्सल विंडोज कुठून येणार, हा त्याचा प्रश्नही खरा आहे.

बरं, मग अँटिव्हायरस कुठला घ्यायचा?

थोडक्यात सांगायचं तर विंडोज १० किंवा ११ अस्सल असेल आणि अपडेट चालू असेल, तर आत आधीपासून असलेला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून सोबत येतो, आणि सुरुवातीला जेवढी त्याची टिंगल झाली तेवढा तो आता कच्चा राहिलेला नाही. विकत घ्यायचाच असेल तर कारण ठरवून घ्या. फोन केल्यावर मराठीत बोलणारा माणूस हवाय? गावातच कुणी येऊन बघणारा हवाय? तर क्विक हीलसारखा देशी पर्याय घ्या. हे कारण पुरेसं आहे, त्यात लाज नाही. पण एका वेळी एकच ठेवा. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन बैलगाडी होते.

फुकट मिळणाऱ्याचा धंदा कशावर चालतो हे विचारायला शिका. अवास्ट हे मोठं नाव. लोक कुठल्या वेबसाइटवर जातात ही माहिती त्यांची जम्पशॉट ही उपकंपनी विकत होती, ते जानेवारी २०२० मध्ये उघड झालं आणि २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड बसला. राखणदारच चुगली करत होता. कॅस्परस्कीवर अमेरिकेनं २०२४ मध्ये विक्रीबंदी घातली, ती रशियाच्या संशयावरून. त्यात राजकारण किती, धोका किती, हा वेगळा वाद. पण एक गोष्ट त्यातून कळते. अँटिव्हायरस हे मशीनमधलं सगळ्यात खोलवर हात घालणारं सॉफ्टवेअर आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकलेल्या अपडेटनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तो हल्ला नव्हता, राखणच होती. म्हणून क्रॅक केलेला अँटिव्हायरस वापरण्यापेक्षा काहीच न वापरणं बरं. ज्याला घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या, तोच चोरबाजारातून आणायचा?

अँटिव्हायरसपेक्षा मोठी गोष्ट विंडोजची मुदत आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या द्यायची सोय ठेवली. नोंदणी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून होते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकटही होते. जुनी बरीच मशीन विंडोज ११ घेत नाहीत, त्यांना टीपीएम २.० ची चिप लागते. ज्यांचं काम ब्राउझर आणि प्रिंटरपुरतं आहे त्यांनी लिनक्स मिंट टाकून बघावं. फुकट आहे, चोरीचं नाही. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर चालतो का, हे मात्र आधी तपासा, नाहीतर सोमवारी दुकान बंद.

सवयींचं म्हणाल तर दुकानदारानं रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं वापरावं. यानं निम्मी डोकेदुखी दारातच अडते. गिऱ्हाइकाचे कागद एकाच फोल्डरात ठेवावेत आणि शटर ओढायच्या आधी तो फोल्डर रिकामा करावा, रिसायकल बिनसकट. गिऱ्हाइकाचा पासवर्ड ब्राउझरनं ‘सेव्ह करू का’ विचारलं की नाही म्हणावं. हिशेबाची आणि स्वतःच्या कामाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवावी. लावून ठेवलेली डिस्क खंडणीवाला तेवढ्याच प्रेमानं कुलूपबंद करतो.

गिऱ्हाइकानं, म्हणजे तुम्ही-आम्ही, व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवण्याऐवजी शक्य तिथं मास्क्ड आधारची छापील प्रत न्यावी. काम झाल्यावर ‘भाऊ, माझ्या फाइल पुसा’ म्हणावं आणि पुसेपर्यंत तिथंच थांबावं. त्यात भांडण नाही. किराणा दुकानात काटा बघतोच की आपण. ओटीपी सांगताना तो कशाचा आहे हे मेसेज वाचून मगच सांगावा. आणि पैसे गेलेच तर १९३० ला ताबडतोब फोन. संध्याकाळी पावण्यांना विचारून, उद्या बँकेत जाऊन, असं करू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर आले.

राहिला सरकारचा भाग. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढं अठरा महिने दिलेत. फाट्यावरच्या दुकानदारानं तो कायदा पाळायचा कसा, हे त्याला त्याच्या भाषेत कोण सांगणार? सेवेचे दर ठरवताना अस्सल विंडोज आणि सुरक्षेचा खर्च धरलाय का? आपल्या ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवर आज कुठली विंडोज आहे, ती अस्सल आहे का, अपडेट शेवटचं कधी झालं? गावाचे जन्म-मृत्यूचे दाखले त्यावरूनच निघतात. पुढच्या ग्रामसभेत हे तीन प्रश्न लेखी द्या, ठरावाच्या वहीत नोंद करून घ्या. उत्तर काय मिळतं ते इथं कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट.